न शिकवता कळणारी खिडकी

विरूपाक्ष धनुरेचं आयुष्यात एकच ठाम मत होतं. ज्या खिडकीबद्दल माणसाला दुसऱ्याला विचारावं लागतं, ती खिडकी करणाऱ्यानं आपलं कपाळ तिच्यावरच आपटून घ्यावं. खिडकी म्हणजे घराची नव्हे. कॉम्प्युटरच्या पडद्यावर उघडते ती, सेटिंगची. काय चालू ठेवायचं आणि काय बंद, हे जिथं एकदा ठरवून ठेवतात ती. तालुक्याच्या गावी दहा बाय बाराच्या संगणक केंद्रात बसून, लोकांचे दाखल्याचे अर्ज भरता भरता त्यानं हे मत सोळा वर्षं जपलं होतं. एवढ्या वर्षांत ते त्याला कोणी विचारलं नव्हतं, हा भाग वेगळा.

तालुक्याचं नाव सांगत नाही. नांदेड आणि लातूरच्या मधे कुठंतरी आहे असं समजा. नाव कळल्यानं तिथल्या कोणाच्या घागरीत तांब्याभर पाणी वाढणार नाही.

साल दुष्काळाचं होतं. लातूरला रेल्वेनं पाणी आणायचं घाटत होतं आणि आपल्या भागाचा नवा जिल्हा होणार अशी आवई दर आठवड्याला उठत होती. पाणी येईना आणि जिल्हाही होईना. लोक दोन्हीकडं सारख्याच आशेनं बघत बसले होते. अशात तालुक्याच्या ऑफिसातून विरूपाक्षला बोलावणं आलं. कोणत्या गावाला कोणता टँकर जाणार, किती खेपा करणार, याची रोजची यादी कॉम्प्युटरनं काढावी, असा वरून आदेश होता. विरूपाक्षनं आठ दिवसांत प्रोग्राम लिहून दिला आणि तो चालला. इथंच त्यानं हात जोडून घरी यायला पाहिजे होतं. पण नायब तहसीलदार साहेब म्हणाले, "धनुरे, गावाचं काही बदललं की दर वेळंला तुम्हाला कुठं बोलवत बसू? आमचं आम्हालाच बदलता येईल असं काहीतरी करून द्या की."

म्हणजे सेटिंगची खिडकी! विरूपाक्ष हवेत तरंगत घरी आला आणि भेटेल त्याला सांगत सुटला की आपण सरकारी ऑफिसात सेटिंग करतोय. तालुक्यात हा शब्द काढला की लोक आधी इकडंतिकडं बघून आवाज खाली आणतात, हे त्याच्या ध्यानातच आलं नाही. दोघांनी तर आडोशाला घेऊन आमचंबी एक काम आहे म्हणून सांगितलं.

त्याची कल्पना साधी होती. एकेका गावाचं एकेक पान. पानावर तीनच चौकटी: 'टँकर बंद', 'विहीर अधिग्रहित', 'बोअरला पाणी आहे'. सरकारनं कोणाची पाण्याची विहीर गावासाठी ताब्यात घेतली की दुसऱ्या चौकटीत टिक करायची. काहीच नसेल तर काहीच करायचं नाही, टँकर आपला जात राहील. माणसाला जे माहीत आहे तेवढंच विचारावं, त्याच्याच शब्दांत विचारावं, आणि तो गप्प बसला तर काही बिघडू नये. याहून सोपं या जगात काय असतं, असं विरूपाक्षला वाटायचं.

शेजारचे बसलिंगप्पा पोस्टातून रिटायर झालेले. पोस्टातून रिटायर झालेल्या माणसाला कोणताही फॉर्म परका नसतो. ते खुर्ची ओढून बसले, चष्मा पुसून त्यांनी खिडकी पाहिली आणि म्हणाले, "सगळं झकास हाय. फकस्त खाली सूचना पाहिजे. 'सर्व रकाने सुवाच्य अक्षरात भरावेत.'"

"अप्पा, इथं अक्षर काढायचंच न्हाई. टिक करायची."

"मंग टिक सुवाच्य करा म्हनावं."

विरूपाक्षची बायको उमादेवी चहा ठेवायला आली, तिनंही वाकून पाहिलं. चहा कपभरच होता आणि तोही दोघांत होता, कारण गावात नळ वीस दिवसांनी यायचा. "ही मोकळी चौकट हाय," ती म्हणाली, "म्हंजे न्हाई म्हनायचं, का अजून कुणी बगितलंच न्हाई म्हनायचं?"

"न्हाई म्हणायचं. ते काय सांगावं लागतंय? सगळ्या जगाला कळतंय."

"मला कळंना गेलंय."

"तू ऑफिसात कुठं हायेस?" विरूपाक्ष हसला. बसलिंगप्पाही हसले. उमादेवीनं रिकामे कप उचलले आणि ती आत गेली.

ऑफिसात खिडकी दाखवली त्या दिवसापासून तिला फांद्या फुटू लागल्या. साहेब म्हणाले, उद्या नवा जिल्हा झाला तर? विरूपाक्ष म्हणाला, झाला की बदलू. साहेब म्हणाले, तवा पळापळ कोण करणार, आत्ताच सोय पाहिजे. 'गाव नव्या जिल्ह्यात' ही चौथी चौकट आली. चौकटीत टिक केली की गाव जुन्या जिल्ह्याच्या टँकर यादीतून निघून नव्या जिल्ह्याच्या यादीत जाणार. नवी यादी अर्थातच कोरी होती, कारण जिल्हाच नव्हता. मग पाणीपुरवठ्याच्या कोणीतरी सांगितलं, काही गावं निम्मी पुण्याकडं उठून गेली आहेत. 'गाव स्थलांतरित' पाहिजे. पाचवी. शेवटी साहेबांना स्वतःलाच सुचलं की तक्रारींचे फोन फार येतात. 'तक्रार निकाली' अशी एक चौकट असली, की त्या गावाच्या तक्रारी आपोआप निकालात निघतील. सहावी.

मग बटणावरून तीन दिवस गेले. विरूपाक्षनं खाली बटणावर 'ठीक आहे' असं लिहिलं होतं. साहेबांनी ते वाचलं आणि त्यांचा चेहरा उतरला. "दुष्काळाच्या प्रोग्राममंदी 'ठीक आहे' लिवून राहिलात तुम्ही? वरचे साहेब दौऱ्यावर आले आन् त्यांनी बगितलं तर? मी काय जबाब देऊ?" मग 'मान्य' सुचवलं गेलं, पण मान्य करण्याचे अधिकार कारकुनाला नाहीत असं निघालं. 'मंजूर' तर कलेक्टरांचं. शेवटी 'जतन करा' यावर सगळ्यांचं एकमत झालं, कारण जतन करण्यानं कोणाची जबाबदारी ठरत नाही. तरी ती ठरावी म्हणून साहेबांनी अजून एक मागितलं: ज्यानं पान जतन केलं त्याच्याच पासवर्डनं ते पुन्हा उघडावं, दुसऱ्यानं फक्त बघावं. विरूपाक्षनं तेही करून दिलं. आपलं काम कोणी एवढं मनावर घेतंय यानंच त्याला भरून आलं होतं.

जाता जाता साहेबांनी सांगितलं, "हे चालवायचं कसं, त्याचा एक कागद करून द्या. न्हाईतर अर्धा दिवस येऊन ज्ञानोबांना शिकवा."

इथं विरूपाक्षचा मान दुखावला. "साहेब, शिकवावं लागलं तर ती खिडकी कसली? लहान लेकराला बी कळंल."

"मंग तसं लिवून द्या."

विरूपाक्षनं केंद्राच्या लेटरहेडवर लिहून दिलं: वापरणाऱ्यास कोणत्याही प्रशिक्षणाची आवश्यकता नाही. खाली झोकात सही केली. आवक नंबर पडला.

ज्ञानोबा म्हणजे ऑफिसातले अव्वल कारकून. एकतीस वर्षं नोकरी, कपाळाला बुक्का, शर्टाच्या खिशाला दोन पेनं. लाच नाही, उशीर नाही, कोणाला उलट उत्तर नाही. एकतीस वर्षांत त्यांच्या एकाही फायलीवर वरून शेरा आला नव्हता, आणि त्याचं कारण ते नव्या पोरांना आवर्जून सांगत: रकाना मोकळा सोडायचा नाही. लिहायला काही नसेल तर 'निरंक' लिहा, आडवी रेघ मारा, पण मोकळा सोडू नका. मोकळा रकाना दिसला की वरचा माणूस फाईल परत पाठवतो, आणि फाईल परत आली की एखाद्या गरिबाचं काम सहा महिने मागं जातं. हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं होतं.

शनिवारी दुपारी ज्ञानोबा हात धुऊन कॉम्प्युटरपुढं बसले. गावं वर्णक्रमानं होती, पहिलं आंबरवाडी. पानावर सहा मोकळ्या चौकटी. निरंक लिहायला जागा नव्हती, आडवी रेघ मारता येत नव्हती, करता येण्यासारखी एकच गोष्ट होती. त्यांनी सहाच्या सहा चौकटींत टिक केली, एकदा मोजून पाहिल्या आणि जतन करा दाबलं. दुसरं गाव उघडणार तेवढ्यात वीज गेली. वीज यायच्या आत त्यांना लातूरला रेल्वेच्या पाण्याच्या ड्यूटीवर हजर होण्याचा आदेश आला. बाकीची चाळीस गावं केवळ विजेच्या कृपेनं वाचली.

आंबरवाडीत विरूपाक्षची थोरली बहीण राहायची. गुरम्मा. आईवडील लवकर गेल्यावर हिनंच नांदेडजवळच्या विष्णुपुरीत, कॉलेजापाशी खोली करून, चार वर्षं भाकरी थापून त्याला इंजिनिअर केलं होतं. नवरा गेलेला, मूलबाळ नाही, एक म्हैस आणि दोन दुखरे गुडघे एवढाच संसार. बाकीच्या घरांत बैलगाडी नाही तर मोटारसायकल होती, पाण्यासाठी लांब जाता येत होतं. गुरम्माचं सगळं दारात थांबणाऱ्या टँकरवर चालायचं.

सोमवारी तिचा फोन आला. "इरू, दोन दिस झाले, टँकर येईना गेलाय रे."

विरूपाक्षकडं रोजच्या यादीची प्रत यायची. त्यानं ती उघडली. वगळलेल्या गावांपुढं यादीच्या तळाशी एकच कारण छापलं जायचं. तिथं होतं: आंबरवाडी, गरज नाही, कारण विहीर अधिग्रहित. "अक्का, तुमच्याकडं विहीर ताब्यात घेतलीय की. पाणी हाय तुमच्याकडं."

"कुटं हाय? मला बी दाव."

"यादीत आलंय, अक्का."

"मंग त्या यादीलाच घागर लावते," गुरम्मा म्हणाली. तिला राग आला नव्हता. ती तशीच बोलायची.

विरूपाक्षला मात्र राग आला होता. यादी चुकेल कशी? चूक असलीच तर गावाची असणार. टँकर मिळावा म्हणून गावं विहिरी लपवतात, हे त्यानं पेपरात वाचलं होतं. आता आपली सख्खी बहीणही त्यात सामील झाली, याचं त्याला वाईट वाटलं. मंगळवारी उमादेवी म्हणाली, "अवो, एक प्रायव्हेट टँकर न्या की वन्संच्या दारात. स्टँडवर दोन उभे हायेत."

"म्हणजे माझ्याच प्रोग्रामवर माझा इश्वास न्हाई, असं होईल. गावभर चर्चा होईल."

"व्हऊ द्या की."

त्यानं टँकर नेला नाही. उमादेवीनं मग पाण्याचा वीस लिटरचा जार यस्टीत टाकून पाठवला. संध्याकाळी गुरम्माचा निरोप आला, पाणी पोचलं, म्हशीला पाजलं. माणसाला थांब म्हणता येतं, मुक्या जनावराला कसं सांगू? उमादेवीनं फोनवर इकडं या म्हटलं तर म्हणाली, "म्हस कुनाकडं सोडू? आन् तुमच्यात तरी कुटं गंगा वाहती?"

बुधवारीही टँकर गेला नाही. गुरुवारी विरूपाक्ष तडक ऑफिसात गेला आणि त्यानं आंबरवाडीचं पान उघडून पाहिलं. या गावात विहीर होती, बोअरला पाणी होतं, तरी गाव उठून गेलेलं होतं, जाताना जिल्हाही बदलून गेलं होतं आणि गेलेल्या लोकांची तक्रार निकाली निघालेली होती. विरूपाक्षनं साहेबांना पडद्यापुढं बोलावलं.

"साहेब, हे चुकून झालंय. सगळ्या टिका काढा."

"काढल्या असत्या," साहेब म्हणाले, "पर पान ज्ञानोबांच्या पासवर्डचं हाय. ती सोय तुम्हीच केलीय."

ज्ञानोबांना फोन लावला. रेल्वेच्या गलक्यात त्यांचा आवाज आला, "इंजिनिअर साहेब, पासवर्ड फोनवर सांगू नये असं परिपत्रक हाय. सोमवारी येऊन राहिलो की मी."

"ज्ञानोबा, लोक पाण्यावाचून हायेत!"

"अवो, हिथं बी तेच हायेत," ज्ञानोबा म्हणाले आणि आवाज तुटला. पुन्हा लागला नाही.

"मग मी आतून उघडून देतो," विरूपाक्ष म्हणाला. "प्रोग्राम माझाच हाय."

साहेबांनी नाही म्हणून मान हलवली. नोंदी झाल्यावर यंत्राला खाजगी माणसाचा हात लागायचा तर लेखी परवानगी पाहिजे. अर्ज करा. शिवाय गाव नव्या जिल्ह्यात दिसतंय, तेव्हा अर्ज आमच्याकडं चालतो का, हेही बघावं लागेल.

"साहेब, नवा जिल्हा झालाच न्हाई अजून!"

"म्हणूनच तर अवघड हाय."

विरूपाक्षनं तिथंच उभ्यानं अर्ज लिहिला. साहेब माणूस वाईट नव्हता. त्यांनी टँकरवाल्या दगडोबाला बोलावून विचारलं, यादीत नसलेल्या गावाला एक खेप टाकशील का? दगडोबा म्हणाला, "टाकतो, साहेब. पर यादीत नाव नसताना टाकी रिकामी झाली, की पानी इकलं म्हनून माझ्यावरच गुन्हा. मागल्या महिन्यात दोघं आत गेलेत. तुम्ही लिवून द्या." साहेबांनी पेन उचललं, थोडा वेळ धरलं आणि परत खिशाला लावलं. त्यांची रिटायरमेंट सात महिन्यांवर होती. अर्ज परवानगीसाठी वर गेला.

शुक्रवारी विरूपाक्ष आपला मान बाजूला ठेवून स्टँडवर गेला. उभे असलेले दोन्ही टँकर तोवर सरकारनं लावून घेतले होते. एका मालकानं रविवारचा वायदा केला. विरूपाक्षनं पिशवीत चार बाटल्या भरल्या, मोटारसायकलनं आंबरवाडी गाठली आणि बहिणीच्या पुढ्यात बसला. सांगायचं होतं बरंच, पण तोंडातून एवढंच निघालं, "अक्का, चूक माझ्याच खिडकीची हाय."

"आसू दे. रविवारी येतंय न्हवं?" गुरम्मा म्हणाली. त्यानं चल म्हणून फार विनवलं. ती म्हशीकडं बघून नाही म्हणाली. तो उठून गेल्यावर त्या बाटल्यांतली एक तिनं शेजारच्या बाळंतिणीला दिली, हे नंतर कळलं.

शनिवारी भर दुपारी आंबरवाडीचे पोलीस पाटील शेषेराव यांचा फोन आला. गुरम्माबाई घागर घेऊन मळ्याच्या विहिरीकडं निघाल्या होत्या. दोन मैलांची वाट, वर ऊन. विहिरीपर्यंत पोचल्याच नाहीत. बांधावर बसलेल्या दिसल्या तेव्हा वाटलं दम खात आहेत. जवळ गेल्यावर कळलं.

विरूपाक्षच्या हातातून फोन पडला तो उमादेवीनं उचलला. तिला मंगळवारचं काहीही बोलता आलं असतं. तिनं त्याच्या हातात मोटारसायकलची किल्ली दिली, आणि ते त्याला जास्त लागलं.

माती संध्याकाळीच दिली. अंत्यविधी करणारे जंगम स्वामी आले. रिवाजाप्रमाणं त्यांचे पाय धुवायला लागतं तेवढं पाणी गावात कोणाच्याही घरात नव्हतं. शेषेरावांनी घरोघर फिरून, एकेक पेला मागून तांब्या भरला. सगळं त्या एका तांब्यात भागवलं. म्हैस गोठ्यातून ओरडत होती. बसलिंगप्पा तालुक्याहून आले होते, त्यांनी विरूपाक्षच्या खांद्यावर हात ठेवला आणि आयुष्यात पहिल्यांदाच कोणताही सल्ला दिला नाही. विरूपाक्ष लहान मुलासारखा रडला.

सोमवारी तो ऑफिसात गेला. परवानगी आली नव्हती, पण ज्ञानोबा आले होते. त्यांना सगळं कळलं होतं. कॉम्प्युटरपुढं ते पाहुण्याच्या घरी बसल्यासारखे अवघडून बसले होते.

"मला वाटलं मोकळं सोडलं तर वरून परत येईल," ते म्हणाले. "गावाचं पानी अडू नये म्हनूनच सगळे भरले, साहेब. एकतीस वर्षं तेच केलं. मला एकदा सांगितलं असतं तर."

विरूपाक्षनं शेजारची खुर्ची ओढली. आपण दिलेला लेटरहेडचा कागद त्याच टेबलावरच्या फायलीत लावलेला त्याला दिसत होता. "चुकलं ते माझं," तो म्हणाला. "तुमचं न्हाई."

ज्ञानोबांनी पासवर्ड घातला आणि एकेक टिक काढली. विहीर गेली, बोअर गेली, नवा जिल्हा गेला. सहा चौकटी मोकळ्या झाल्या. त्यांनी माऊसचा बाण पुन्हा एकदा पहिल्या मोकळ्या चौकटीवर नेला, पण सगळ्या तशाच ठेवल्या. मग त्यांची नजर पानाच्या अगदी वर गेली. तिथं गावाची लोकसंख्या होती, सहाशे बारा. आणि पुढं माणशी वीस लिटरप्रमाणं रोजचं पाणी.

ज्ञानोबांनी चष्म्यावरून विरूपाक्षकडं पाहिलं. "हा आकडा अक्कांना धरून हाय का जी?"

विरूपाक्षनं होय म्हणून मान हलवली.

ज्ञानोबांनी बाण त्या आकड्यावर नेला. मग त्यांनी दोन खोडून एक केला. सहाशे अकरा. पुढचा पाण्याचा आकडा वीस लिटरनं आपोआप खाली आला. त्यांनी जतन करा दाबलं आणि हात मांडीवर ठेवले.

"बरोबर केलं का, साहेब? हे मला कुनी शिकिवलं न्हाई. बगून कळलं."

"बरोबर केलंत," विरूपाक्ष म्हणाला.